लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद आहे

"हे पुढारी एकमेकांवर अब्रुनुकसानीचा खटला खरंच भरू शकतात का हो?" मी वकील आहे हे कळलं की लोक मला हे हमखास विचारतात. दाताच्या डॉक्टरने तर माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं होतं. तोंड मिटता आल्यावर मी सांगितलं, की भरू शकतात. मग तो म्हणाला, "पण त्यासाठी आधी अब्रू असावी लागते ना?" आणि स्वतःच खो खो हसला. प्रत्येकाला वाटतं हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला.

खरी अडचण त्याहून वेगळी आहे. कायद्याच्या दृष्टीने माणसाची अब्रू त्याच्या स्वतःजवळ नसतेच, ती दुसऱ्यांच्या मनात असते. त्यामुळे तुमची अब्रू गेली हे तुम्ही सांगून चालत नाही. कुणीतरी दुसऱ्याने कोर्टात येऊन सांगावं लागतं, की मी या माणसाला चांगलं समजत होतो आणि ते शब्द ऐकल्यावर हा माझ्या नजरेतून उतरला. असा एक माणूस मिळाला तरी पुरे. दादांच्या खटल्यात मी हा एक माणूस शोधता शोधता मेटाकुटीला आले.

दादा म्हणजे आमच्या नगरसभेचे अध्यक्ष, माझे अशील. त्यांचे विरोधक मास्तर. ते पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे आणि आता भाषणांत रंग भरतात. बाजारपेठेतल्या सभेत मास्तर म्हणाले, "प्रसूतिगृहाला लिफ्ट मंजूर झाली, तिचं उद्‌घाटन झालं, फीत कापली, फोटो निघाले. पण ती लिफ्ट आजवर कुणी वर जाताना पाहिली आहे का? लिफ्ट दादांनी खाल्ली, आणि साधी ढेकरसुद्धा दिली नाही!"

सभा पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी दादा माझ्या ऑफिसात येऊन खुर्चीत धपकन बसले.

"केस ठोका," ते म्हणाले.

"लिफ्ट आहे का?" मी विचारलं.

"दुरुस्तीसाठी बंद आहे. तशी पाटी लावलेली आहे."

"किती दिवस?"

"पाटी चांगली आहे हो. पत्र्याची आहे."

मी तेव्हाच फाइल मिटायला हवी होती, पण वकिलाने अशिलावर अविश्वास दाखवायचा तर दुकान बंद करून घरी बसावं. मी दावा दाखल केला. पुढच्याच आठवड्यात मास्तरांनी दादांवर उलट दावा ठोकला, कारण दादा त्यांना कुठेतरी "शाळेची घंटा विकून खाल्लेला माणूस" असं म्हणाले होते. मास्तरांचा वकील माझा कॉलेजातला मित्र. प्रत्येक अवघड प्रश्नाआधी तो खोकतो, म्हणून सगळं कोर्ट त्याला खोकला म्हणतं. शेजारच्या दालनात तोही माझ्यासारखाच साक्षीदार शोधत फिरत होता.

दादांनी मला तीन साक्षीदार दिले. पक्षाच्या तरुण आघाडीचा अध्यक्ष, एक ठेकेदार आणि दादांच्या प्रत्येक सभेला हार पुरवणारा फुलवाला. मी तिघांना ऑफिसात बसवून समजावलं.

"हे बघा, तुम्ही एवढंच सांगायचं, की दादांबद्दल मला फार आदर होता आणि ते भाषण ऐकून तो कमी झाला."

तरुण आघाडी खुर्चीतच आक्रसली. "कमी झाला? असं मी म्हणू? दादांच्या देखत?"

"त्यांच्याच फायद्याचं आहे."

"मॅडम, ते तुम्हाला ठाऊक. निवडणूक तोंडावर आलीय. उद्या तिकीटवाटपात कुणीतरी म्हणेल, याने शपथेवर सांगितलंय की दादा याच्या नजरेतून उतरलेत." असं म्हणताना त्याने ठेकेदाराकडे पाहिलं. ठेकेदाराने छताकडे पाहिलं. त्याला नेमका तोच 'कुणीतरी' व्हायचं होतं.

मी ओरडले, समजावलं, पुन्हा ओरडले. शेवटी तिघांनीही माना डोलावल्या. मानेवर विश्वास ठेवू नये हे मला या धंद्यात इतकी वर्षं काढून कळायला हवं होतं.

कोर्टात न्यायाधीशबाईंसमोर तरुण आघाडी पिंजऱ्यात उभी राहिली. दादा पहिल्या बाकावर पांढऱ्या कपड्यांत बसले होते.

"मास्तरांचं भाषण ऐकून दादांबद्दलच्या तुमच्या आदरावर काही परिणाम झाला का?" मी विचारलं.

"झाला."

मी सुटकेचा श्वास सोडला. "काय झाला?"

"दुप्पट झाला!"

आता ठेकेदाराला मागे राहून कसं चालेल? त्याने सांगितलं, की भाषण ऐकून त्याने दादांचा फोटो दिवाणखान्यातून काढला आणि झोपायच्या खोलीत लावला, म्हणजे डोळे उघडताच दर्शन व्हावं. फुलवाल्याला तर हुंदकाच आवरेना. दादा माझ्या नजरेतून उतरायचे असतील तर आधी माझे डोळे काढा, असं तो म्हणाला. मी कपाळाला हात लावला. पाठीमागे खोकला हसू दाबण्यासाठी खरोखरचं खोकत होता.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला. "वकीलबाई, तुमच्या अशिलाची अशीच बदनामी होत राहिली तर ते देशाचे प्रमुख होतील. नुकसान झालंय असं सांगणारा कुणी आहे का तुमच्याकडे? नसेल तर मला निकाल लिहायला फार वेळ लागणार नाही."

मी पुढची तारीख मागून घेतली आणि बाहेर व्हरांड्यात दादांवर उखडले. "तुमच्याबद्दल मनापासून चांगलं मत असलेला, आणि तुमच्याकडून काहीही नको असलेला, असा एक तरी माणूस या गावात आहे का?"

माझ्या तोंडून हे गेलं आणि मलाच वाटलं, जरा जास्त झालं. दादा मात्र चिडले नाहीत. ते खांबाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "आहे. माझी ताई. पण तिला यात ओढायचं नाही."

ताईबद्दल सगळ्या गावाला माहीत होतं, कारण दादांचं एकही भाषण तिच्याशिवाय संपत नसे. ते शेवटी छातीवर हात ठेवून म्हणत, "माझ्यावर आरोप करणाऱ्यांना मी एकच सांगतो. मी कसा माणूस आहे ते माझ्या ताईला विचारा!" यावर टाळी ठरलेली. आई लवकर गेल्यावर ताईनेच त्यांना लहानाचं मोठं केलं. तिने लग्न केलं नाही. ती प्रसूतिगृहात परिचारिका होती आणि तिथूनच निवृत्त झाली. दादांच्या तोंडून मी आजवर ऐकलेल्या वाक्यांपैकी खरं वाटलेलं वाक्य 'ताईला विचारा' हे एवढंच.

"मग दावा मागे घ्या," मी म्हणाले.

"ते शक्य नाही. लोक म्हणतील, लिफ्ट खाल्ली."

"मग ताईंना आणा."

त्यांनी बराच वेळ बुटाच्या टोकाने फरशी खरवडली. "तिच्यापुढे मी अजून शाळेतला पोरगा आहे हो. तिला वाटतं मी सोन्यासारखा आहे. जगात असं वाटणारी ती एकटीच. तिला जपून न्या."

मी ताईंच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीत धुतलेले पांढरे मोजे, टेबलावर ताटाखाली झाकून ठेवलेलं जेवण. दादा आले तर असावं म्हणून त्या रोज एका माणसाचं जास्त करतात. मी सगळं सांगितलं. त्या मन लावून ऐकत होत्या.

"भाषण ऐकलं तेव्हा मला शंका आली होती," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? वाटलं, धाकट्याने असं काही केलं असेल का? घास उतरेना. मग त्याने केस केली आणि माझा जीव भांड्यात पडला. मनात पाप असतं तर तो कोर्टाची पायरी चढला असता का?"

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. शंका आली, घास उतरेना! कायद्याला याहून जास्त काही नको होतं. "ताई, तुम्ही कोर्टात हेच सांगायचं. अगदी हेच."

"सांगेन की. शपथ घ्यावी लागेल ना?"

"हो."

"समोरचा वकील लिफ्टबद्दल विचारेल?"

"विचारेल कदाचित."

"मी दारं पाहिलीत. बाहेरची." त्यांनी माझ्यापुढे चहाचा कप सरकवला. "आत कधी पाहिलं नाही."

"तुम्हाला माहीत आहे तेवढंच सांगा," मी म्हणाले आणि चहा संपवून उठले. साक्षीदार मिळाल्याच्या आनंदात मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं नाही. शपथ घेऊन खोटं बोलणारे मी रोज पाहते. शपथ घ्यायची आहे म्हणून आधी जाऊन खरं काय ते बघणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

तारखेला ताई इस्त्री केलेल्या साडीत आल्या. दादा उठून उभे राहिले तर त्यांनी हाताने बस म्हणून खूण केली. पिंजऱ्याचा कठडा धरून त्यांनी शपथ शब्दन्‌शब्द सावकाश उच्चारली.

"ताई, तुमच्या भावाबद्दल तुमचं मत काय होतं?" मी विचारलं.

"फार चांगलं होतं. त्याच्यासारखा सरळ माणूस नाही असं वाटायचं."

"आणि आता?"

"आता तसं वाटत नाही."

तीन साक्षीदार, तीन तारखा, आणि शेवटी हे वाक्य! दादांच्या बाजूने कुणीतरी म्हणालं होतं, की दादा नजरेतून उतरले. न्यायाधीशबाईंनी पेन उचललं. मी विजयी मुद्रेने खाली बसले. दादांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मला दिसला, पण त्यांना कोर्टातली भाषा कळत नाही म्हणून असं झालं असेल, असं मला वाटलं.

खोकला उठला आणि खोकला.

"ताई, माझ्या अशिलाचं भाषण ऐकून तुमचं मत बदललं, असंच ना?"

"नाही."

"नाही?"

"भाषण ऐकून शंका आली होती, घास उतरला नव्हता, पण त्याने केस केल्यावर ती गेली. मास्तरांच्या तोंडाला कोण लागतं? ते त्याआधी त्याला चंदनाचा तस्कर म्हणाले होते. आमच्याकडे चंदन उगवतसुद्धा नाही."

लोक हसले. मास्तरही हसले. ताई हसल्या नाहीत.

"मग मत कशाने बदललं?"

"या खटल्याने," ताई म्हणाल्या. "यांनी मला साक्षीला बोलावलं. शपथेवर सांगायचं तर बघितलेलं सांगावं, म्हणून मी प्रसूतिगृहात गेले. पहारेकरी मला ओळखतो. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, बाबा, किल्ली लाव. त्याने दारं सरकवली. आत भिंत आहे."

"भिंत?"

"विटांची. गिलावासुद्धा केलेला नाही. बाहेरचं बटण मात्र चालतं, दाबलं की दिवा लागतो." जे चांगलं आहे ते चांगलं म्हणायची त्यांची सवय सुटली नव्हती. "त्या जिन्यावरून आम्ही बाळंतिणींना चादरीत घालून वर न्यायचो. चौघी चार टोकांना. एकदा माझ्या हातातलं टोक सुटलं होतं. ती बाई वाचली, पण त्या दिवशी घरी येऊन मी धाकट्याला म्हटलं, तू मोठा झालास की आम्हाला फक्त एक लिफ्ट दे. दुसरं काही मागितलं नाही मी त्याच्याकडे. कधीच नाही."

न्यायाधीशबाई लिहायच्या थांबल्या होत्या.

"त्याने हा खटला भरला नसता," ताई दादांकडे बघत म्हणाल्या, "तर मी मरेपर्यंत बघायला गेले नसते. माझा विश्वास होता ना."

झाकली मूठ सव्वा लाखाची असते, आणि आम्ही ती वाजतगाजत कोर्टात नेऊन स्वतःच्या हाताने उघडली होती. आणि मला राग येत होता. कुणाचा ते तेव्हा नीट कळत नव्हतं, पण ताईंचा नक्कीच नव्हता.

पिंजऱ्यातून उतरून ताई पहिल्या बाकाजवळून गेल्या. दादांनी फक्त "ताई" एवढंच म्हटलं. त्या थांबल्या. त्यांनी दादांची कॉलर सरळ केली.

"जेवत जा वेळेवर," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्यानंतर निकाल लागायला हवा होता, पण राजकारणात निकालाच्या आधी युती लागते. वरच्या नेत्यांनी कुठल्यातरी बंगल्यात बसून ठरवलं, की या निवडणुकीत दोन्ही पक्ष एकत्र. दादा अध्यक्ष, मास्तर उपाध्यक्ष. दोन्ही दावे मागे घ्यायचे.

तडजोडीचा मसुदा माझ्याच ऑफिसात झाला. दादा आणि मास्तर एकाच सोफ्यावर बसले. "दादा, मनावर घेऊ नका," मास्तर म्हणाले. "सभेत लोकांना काहीतरी लागतं." दादा म्हणाले, "तुमची ती ढेकर झकास होती हो," आणि एकमेकांच्या मांडीवर थापा मारून झाल्या. मी आणि खोकला टेबलाच्या दोन बाजूंना मान खाली घालून लिहीत होतो. मास्तर कधीच घंटा विकणाऱ्यांतले नव्हते, हे एक कलम झालं. मग दादांच्या पक्षाने आग्रह धरून दुसरं कलम घातलं, की प्रसूतिगृहात लिफ्ट अस्तित्वात असून ती केवळ दुरुस्तीसाठी बंद आहे, हे उभय पक्षांस मान्य आहे.

"हे घालू नका," मी म्हणाले. "शपथेवर साक्ष झालेली आहे."

"तेच तर पुसायचंय," तरुण आघाडी म्हणाली.

कोर्टात न्यायाधीशबाईंनी ते कलम दोनदा वाचलं. "दोघांनाही मान्य?" दोघांनी एकदम हो म्हटलं. या दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झाल्याचं गावाने पहिल्यांदाच पाहिलं. "पक्षांनी काय मान्य करावं हे त्यांचं ते जाणोत," बाई म्हणाल्या. "मी एवढंच लिहिते, की त्यांनी मान्य केलं." आणि त्यांनी सही केली.

संध्याकाळी दादा एकटेच माझ्याकडे आले. गाडी नाही, माणसं नाहीत. ते खुर्चीत बसले ते पहिल्यासारखे धपकन नाही.

"मॅडम, मास्तरांनी शब्द मागे घेतला. ताईचा शब्द मागे घेता येईल का?"

"साक्ष मागे घेता येत नाही."

"कायद्याने नाही हो. तशी." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मी रोज जातो तिच्याकडे. जेवायला वाढते. पाठीवरून हात फिरवते. पण पूर्वी मी काही सांगायला लागलो की ती माझ्याकडे बघायची. आता ताटाकडे बघते. तुम्ही तिला विचारा ना, मी काय करू म्हणजे ती पूर्वीसारखं बघेल?"

या माणसाचा मला कितीही राग आला असला तरी त्या क्षणी मला त्याची दया आली. खरं नुकसान झालेला अशील मी पहिल्यांदाच बघत होते, आणि त्याची भरपाई मागायला कुठलंच कोर्ट नव्हतं.

मी ताईंकडे गेले. त्यांनी दोन वाक्यांत उत्तर दिलं. मग माझ्या हातात जिरं-मीठ लावलेल्या काकड्यांची ताटली देऊन त्या म्हणाल्या, "माया वेगळी आणि आदर वेगळा, बाई. माया आहेच, ती काय मरतेय? पण आदरासाठी त्याला काहीतरी करावं लागेल."

दुसऱ्या दिवशी मी दादांना निरोप दिला. "ताई म्हणतात, लिफ्ट बसव. ज्या दिवशी पहिली बाळंतीण तिच्यातून वर जाईल, त्या दिवशी तुझ्या स्टेजवर येऊन सांगेन, माझा भाऊ सरळ आहे."

दादा उठून उभेच राहिले. "एवढंच? उद्या काम सुरू करतो! भिंत काय, तासाभरात पाडतो!" ते खोलीभर फिरू लागले. त्यांचा चेहरा खरंच शाळेतल्या पोरासारखा झाला होता. खिडकीपाशी जाऊन ते थांबले.

"मॅडम," ते म्हणाले, "पण लिफ्ट आहे."

"काय?"

"कोर्टात लिहून दिलंय ना आपण. सही आहे माझी. मास्तरांची पण आहे. आता नवी बसवली तर ती आधी नव्हती असं होईल. मास्तरही अडकतील. युती तुटेल. जी आहेच, ती पुन्हा कशी बसवणार?"

"तुमच्या ताईंनी एकच गोष्ट मागितलीय," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. "जन्मात एकच. दोनदा."

ते वळले. डोळे ओले होते, ते मी नाकारणार नाही. "दुसरं काहीतरी विचारून बघा ना तिला," ते म्हणाले. "घर बांधून देतो म्हणावं. हवं ते."

मी नाही विचारलं. दादांची फाइल त्यांच्या हातात दिली आणि पुढच्या अशिलाला आत बोलावलं.

युतीच्या पहिल्या सभेला मी गेले नव्हते. रस्ता बंद होता, गाडी मैदानाजवळच अडकली, म्हणून बघावं आणि ऐकावं लागलं. स्टेजवर दादा आणि मास्तर शेजारी शेजारी होते, फुलवाल्याचे हार दोघांच्याही गळ्यात होते. दादांचं भाषण ऐन रंगात आलं होतं. शेवटी त्यांनी सवयीने छातीवर हात ठेवला.

"माझ्यावर आरोप करणाऱ्यांना मी एकच सांगतो. मी कसा माणूस आहे ते माझ्या…"

आणि ते थांबले. माइकमधून नुसता श्वास ऐकू येत होता. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. लोक वाट बघत होते. मग मास्तरांनी पुढे होऊन माइक आपल्याकडे ओढला आणि म्हणाले, "दादांचा गळा दाटून आलाय! बहिणीची आठवण झाली की त्यांचं असंच होतं!"

मैदानभर टाळ्या पडल्या, आणि त्या बराच वेळ थांबल्या नाहीत.